पदवीधर मतदारसंघाची मतमोजणी: कोटा, बाद फेरी आणि पसंतीक्रम

विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत जागा एकच, तरी निकाल दुसऱ्या दिवसावर जातो. मतदार उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रमाचे आकडे लिहितो. कोटा म्हणजे विजयासाठी लागणारी मते. तो कुणाचाच पूर्ण झाला नाही, की बाद झालेल्या उमेदवाराच्या मतपत्रिकांचा गठ्ठा पुन्हा सोडावा लागतो.

आधी छाननी. ‘१’ कुठेच नसेल, दोघांपुढे असेल, किंवा आकड्याऐवजी ‘एक’ असे अक्षरी लिहिले असेल, तर मत अवैध. आकडा मराठी, इंग्रजी किंवा रोमन चालतो. सवयीने केलेली बरोबरची खूण चालत नाही. पदवीधरांची मतेही अशी वाया जातात.

कोटा फक्त वैध मतांवर काढायचा: निम्मे करा, अपूर्णांक सोडा, १ मिळवा. समजा, वैध मते २०,०००, कोटा १०,००१. पहिल्या पसंतीची मते अशी: क ८,२००, ख ७,०००, ग ३,३००, घ १,५००.

कोटा कुणाचाच नाही, म्हणून तळाचा घ बाद. फक्त त्याच्याच मतपत्रिकांवरची दुसरी पसंती बघायची. सगळ्यांच्या दुसऱ्या पसंतीची बेरीज करतात हा समज चुकीचा. ‘दुसरी पसंती दिली की आपला माणूस पडतो’ हाही तसाच; तो रिंगणात असेपर्यंत ती कुणी बघतच नाही. घची मते कला २००, खला ५००, गला ६००. उरलेल्या २०० मतपत्रिकांवर पुढची पसंतीच नाही. त्या संपुष्टात आल्या, पण कोटा कमी होत नाही.

आता ग बाद. त्याच्याकडे ३,९०० मतपत्रिका, त्यांत घकडून आलेल्या ६००. चुका इथेच होतात: पुढची पसंती आधीच बाद झालेल्याला असेल, तर तिच्यापुढची बघायची. आकडा मधला गाळला असेल किंवा दोघांना एकच दिला असेल, तर मतपत्रिका तिथेच थांबते. कला ७००, खला २,३०० मिळाली, ९०० संपुष्टात. क ९,१००, ख ९,८००. क बाद, ख एकटाच उरला, म्हणून कोट्याशिवायही विजयी.

राष्ट्रपतिपदाची मोजणीही याच धर्तीवर होते, फक्त तिथे आमदार-खासदारांच्या प्रत्येक मताला ठरावीक मूल्य असते. १९६९ साली व्ही. व्ही. गिरींचे पहिल्या पसंतीचे मतमूल्य ४,०१,५१५ होते, कोटा ४,१८,१६९. तिसऱ्या क्रमांकावरचे चिंतामणराव देशमुख बाद झाल्यानंतर गिरी ४,२०,०७७ वर पोचले.

तळाच्या दोघांची मते समान असतील, तर पहिल्या पसंतीची मते कमी असलेला बाद; तीही सारखी असतील, तर चिठ्ठी.