कड्यावर ट्रायपॉड लावताना

फोटोग्राफी शिकायला लागलो त्या पहिल्या वर्षात कड्यावर पोचलो की मी थेट टोक गाठायचो. जितकं पुढे जाऊ तितकी दरी जास्त दिसेल, असा सरळ हिशोब होता. फोटो मात्र सपाट यायचे. दूरच्या रांगा, धुकं, वर आकाश. पण बघणाऱ्याच्या पोटात गोळा येईल अशी खोली कुठेच नाही. कारण समजायला बरेच दिवस गेले. खोली कळायला जवळचं काहीतरी लागतं, आणि टोकावर उभं राहिलं की नेमकं तेच फ्रेमबाहेर जातं. आता मी कडेपासून निदान दोन मीटर मागे थांबतो आणि कडा जिथे वळण घेतो ती जागा शोधतो. तिथून पलीकडची भिंत बाजूने दिसते, पुढ्यात खडकाची कड येते आणि दोन्हींच्या मधे दरी उतरत जाते. टोकाचा हट्ट जिवासाठी तर सोडाच, फोटोसाठीही सोडा. गवत दिसतं म्हणून खाली जमीन असेलच असं नाही. कडेची माती कित्येकदा खालून पोखरलेली असते.

ट्रायपॉड उजेड असतानाच लावा. आधी कॅमेरा हातात धरून फ्रेम ठरवायची, मग पाय उघडायचे. उतारावर दोन पाय उताराच्या बाजूला, एक चढाकडे. जाड नळ्या आधी ओढा, बारीक नळ्या अगदी गरज पडली तरच. मधला दांडा वर करू नका, वाऱ्यात सगळ्यात जास्त तोच थरथरतो. वजनाला बॅग अडकवली तर ती जमिनीला टेकू द्या. लोंबती बॅग झोके घेते आणि ट्रायपॉडलाही हलवते. कॅमेऱ्याचा पट्टासुद्धा काढून ठेवा.

एकदा संध्याकाळी 30 सेकंदांचं एक्स्पोजर लावलं होतं, म्हणजे तेवढा वेळ कॅमेरा प्रकाश आत घेत राहणार. फोटो स्क्रीनवर मोठा करून पाहिला, तर प्रत्येक दगडाची कड पुसट. पुन्हा काढला, पुन्हा तेच. टॉर्च मारली तेव्हा दिसलं, पुढच्या पायाचं एक लॉक अर्धवट आवळलेलं आणि नळी बोटभर आत सरकलेली. कॅमेरा हळूहळू दरीकडे कलत होता आणि मी शेजारी उभा राहून ढग बघत होतो. तेव्हापासून लॉक आवळले की ट्रायपॉड वरून तळहाताने जोर देऊन दाबतो, तो हलला नाही तरच कॅमेरा चढवतो.

सेटिंगचं फार दडपण घेऊ नका. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) 100, लेन्सचं छिद्र एफ/8 ते एफ/11 (आकडा मोठा तितकं छिद्र लहान), 2 सेकंदांचा टायमर, स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद. एफ/22 ला सगळं जास्त स्पष्ट येतं हा गैरसमज आहे. एवढ्या लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि बारकावे मऊ पडतात. फुल फ्रेम (जुन्या 35 मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर 20 मिमी लेन्स, एफ/11 आणि फोकस 2 मीटरवर ठेवला, तर साधारण पाऊण मीटरपासून क्षितिजापर्यंत काम भागतं. आकाश फार उजळ असेल तर दोन-दोन स्टॉपच्या फरकाने (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) तीन फोटो काढून ठेवा, नंतर एकत्र करता येतात.

सूर्य बुडाल्याबरोबर आवरायला घेऊ नका. तो क्षितिजाखाली 4 ते 6 अंश गेला की भिंतीवरच्या कडक सावल्या विरतात आणि खडकाच्या भेगा निळसर उजेडात एकेक करून दिसू लागतात. त्या वेळेसाठी मी दिवसभर थांबायला तयार असतो. हेडलॅम्प मात्र आधीच कपाळावर हवा. निघताना कॅमेरा काढून बॅगेत ठेवायचा, ट्रायपॉड तसाच उचलून कडेपासून लांब आणायचा आणि तिथे त्याचे पाय मिटायचे.