घोडं मागून लटपटतंय? नमुना पाठवताना या चुका टाळा

पावसाळा सरत आला की शिरोळ-हातकणंगले भागातून ठरलेली तक्रार येते: "डॉक्टर, घोडं मागून लटपटतंय." नवे डॉक्टर लगेच रक्त ओढतात, फॉर्म भरतात आणि रिपोर्टची वाट बघत बसतात. जिवंत जनावराचा मेंदू उघडून बघता येत नाही, त्यामुळे सगळी मदार रक्तातल्या आणि मणक्यातल्या पाण्यातल्या बायोमार्करवर, म्हणजे रोगाची खूण दाखवणाऱ्या घटकांवर, असते. त्या नमुन्याचीच सर्वात जास्त हेळसांड होते, हे बघवत नाही.

"काचेवर परजीवी दिसला नाही म्हणजे सर्रा (रक्तातल्या परजीवीचा रोग) नाही." ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. गाडीच्या शर्यतीत धावणारी एक घोडी माझ्याकडे आली, तेव्हा मागचे पाय फेकत चालत होती आणि वळताना पाय अडखळत होते. आधीच्या ठिकाणी रक्ताची एकच काच बघून सर्रा नाही असं लिहून दिलं होतं आणि तिला वाताची इंजेक्शनं चालू होती. सर्राचा परजीवी रक्तात सतत नसतो. ताप चढतो तेव्हा सापडतो, आणि रोग मेंदूपर्यंत गेल्यावर तर रक्तात अगदी विरळ असतो. मी ताप चढायची वाट बघितली, ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) जांभळ्या नळीत रक्त घेऊन पीसीआरला, म्हणजे परजीवीचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीला, पाठवलं. पॉझिटिव्ह आलं. घोडी वाचली, पण पुन्हा गाडीला जुंपता आली नाही, कारण सर्राचं नेहमीचं औषध क्विनापायरामिन मेंदूत फारसं उतरत नाही आणि मधला वेळ वाया गेला होता. म्हणून लटपटणाऱ्या घोड्याची काच निगेटिव्ह आली तरी पीसीआर किंवा एलायझा (अँटीबॉडी शोधणारी तपासणी) केल्याशिवाय मी सर्रा खोडत नाही.

उन्हात ठेवलेली नळी. व्हिटॅमिन ई कमी पडल्यानेही घोडं लटपटतं. पण ते उजेडाने आणि रक्तपेशी फुटल्याने नमुन्यातच घटतं, मग रिपोर्ट खोटा कमी येतो. मी नळीला चांदीचा कागद गुंडाळतो आणि लगेच बर्फात ठेवतो. यकृत बिघडून मेंदूवर परिणाम झाल्याची शंका असेल तर रक्तातला अमोनिया तासाभरात तपासून घ्या. कोल्हापुरातून कुरिअरने पाठवलेल्या अमोनियाच्या आकड्याला काडीचा अर्थ नाही. मणक्याच्या पाण्यातल्या पेशी तर त्याहून लवकर विरघळतात. जवळ मायक्रोस्कोप नसेल तर सुई टोचायची घाई कशाला?

न्यूरोफिलामेंट हे मज्जातंतूंमधलं प्रथिन वाढलं म्हणजे मज्जातंतूंना इजा झालीय, एवढंच कळतं. कशामुळे झाली ते कळत नाही. आणि ते नॉर्मल आलं म्हणून घोडं निरोगी ठरत नाही.

अमेरिकेतले लेख वाचून ईपीएमची (मेंदू आणि मज्जारज्जूला होणाऱ्या परजीवीच्या रोगाची) तपासणी मागू नका. तो परजीवी तिकडच्या ओपोसम नावाच्या प्राण्यातून पसरतो. देशाबाहेर कधी न गेलेल्या घोड्यासाठी ती तपासणी वाया जाते.

घोड्यांच्या हर्पिस विषाणूच्या पीसीआरला हेपॅरिनची हिरवी नळी वापरू नका. नाकातला स्वॅब आणि ईडीटीए रक्त, दोन्ही पाठवा.

फॉर्मवर लसीकरणाची तारीख लिहा. लसीमुळे तयार झालेल्या अँटीबॉडीवरून रोग ठरवलेले रिपोर्ट मी बघितलेत.

शेवटचं, आणि यात तडजोड नको. लटपटणाऱ्या घोड्याला रेबीज असू शकतो, कुत्रं चावल्याचं मालकाला माहीत नसलं तरीही. जिवंतपणी रेबीज नाही असं खात्रीने सांगणारी कुठलीच तपासणी नाही. लाळेची तपासणी निगेटिव्ह आली तरी धोका टळत नाही. हातमोजे आणि चष्मा घालूनच सुई धरा आणि लाळ लागलेल्या प्रत्येक माणसाचं नाव त्याच दिवशी वहीत लिहून त्याला लस घ्यायला पाठवा.