छोट्यांचं बॅले शिकवताना या चुका टाळा

विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडल्या की नागपुरात धरमपेठेपासून मनीषनगरपर्यंतच्या पालकांचे फोन सुरू होतात. प्रश्न बहुतेकदा एकच: "मॅडम, मुलगी सहा वर्षांची आहे. गॅदरिंगला बोटांच्या टोकांवर उभी राहील ना?" नाही राहणार, आणि राहूही नये.

पॉइंट शूजची घाई

पॉइंट शूजच्या टोकाला कापड, कागद आणि खळ यांचे थर देऊन कडक पेटी केलेली असते, तळव्याखाली ताठ पट्टी. त्यात उभं राहिलं की सगळं वजन बोटांच्या टोकांवर येतं. लहान मुलांच्या पावलांची हाडं अजून वाढत असतात, टोकांना कूर्चा असते. बाराव्या वर्षाआधी पॉइंट नको, आणि त्याआधी काही वर्षं नियमित शिकलेलं हवं, असं डान्स मेडिसिनच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं सांगणं आहे. नुसतं वय भरूनही भागत नाही. घोट्यात, पोटात, पाठीत जोर नसेल तर पंधराव्या वर्षीही थांबायचं.

काही वर्षांपूर्वी नऊ वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली. आधीच्या क्लासमध्ये चार-सहा महिन्यांतच तिला पॉइंट शूज घालून स्टेजवर उभं केलं होतं. शूज ऑनलाइन मागवलेले, पाय वाढतोय म्हणून एक नंबर मोठे, पुढे कापूस कोंबलेला. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली होती आणि घोटा आत कलंडत होता. आई म्हणाली, "पण मॅडम, दिसत किती सुंदर होती!" त्या मुलीला अनवाणी टाचा उचलून क्षणभर स्थिर राहता येत नव्हतं. मी शूज काढून ठेवायला सांगितले, हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि मग वर्षभर फक्त प्लिए (गुडघे वाकवणं), तांदू (पाय सरळ ठेवून पाऊल जमिनीवरून लांब सरकवणं) आणि टाचा उचलणं. सुरुवातीला मुलगी रुसलेली, आईही नाराज. ती टिकली ती आजोबांमुळे. ते दर शनिवारी तिला स्कूटरवर घेऊन यायचे आणि "शूज कधी?" असं त्यांनी एकदाही विचारलं नाही.

पॉइंटचा विषय काढण्याआधी मी मुलीला एका पायावर, आधाराशिवाय, टाच सावकाश वर-खाली करायला लावते. सलग वीस वेळा, पाऊल कुठल्याच बाजूला न कलंडता. जमलं नाही तर विषय पुढच्या वर्षी.

पावलं ओढून केलेला टर्नआउट

फोटो पाहून पालक घरी मुलांची पावलं हातानं वळवून एका रेषेत आणतात. कृपा करून हे करू नका. टर्नआउट, म्हणजे पाय बाहेरच्या बाजूला वळवणं, खुब्यातून येतो. पावलं जबरदस्तीनं वळवली की खुबा तिथेच राहतो, पीळ गुडघ्याला आणि घोट्याला बसतो, तळव्याची कमान आत कोसळते. शिवाय पुष्कळ मुलांच्या मांडीचं हाड लहानपणी थोडं आत वळलेलं असतं आणि ते वाढीबरोबर हळूहळू सरळ होत जातं. भरतनाट्यमच्या अरमंडीतही (गुडघे बाहेर वाकवून अर्धं बसणं) मांडी खुब्यातूनच बाहेर फिरते, आणि अरंगेत्रमसाठी, म्हणजे पहिल्या जाहीर कार्यक्रमासाठी, हेच पालक सात-आठ वर्षं शांतपणे थांबतात. मग बॅलेलाच तीन महिन्यांची मुदत का?

माझ्या क्लासमध्ये छोट्यांच्या पहिल्या पोझिशनमध्ये (टाचा जुळवून, पावलं बाहेर वळवून उभं राहणं) पावलांमधला कोन काटकोनापेक्षा कमीच असतो. प्लिएमध्ये गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या वर आला पाहिजे, एवढंच मी बघते.

तीन-चार वर्षांच्या मुलांकडून तंत्राची अपेक्षा

या वयात अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून एकदा, पुरे. तालावर चालणं, थांबणं, उडी मारून हलकं उतरणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं हाच अभ्यासक्रम. बारला (कमरेच्या उंचीच्या आडव्या दांड्याला) धरून धडे सातव्या-आठव्या वर्षी. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गची वागानोवा बॅले अकादमी 1738 पासूनची परंपरा सांगते, आणि तिथला मुख्य अभ्यासक्रमही साधारण दहाव्या वर्षी सुरू होतो. नागपुरात चौथ्या वर्षी धांदल करायचं काहीच कारण नाही.

आणखी काही

खांदे दाबून स्प्लिट (दोन्ही पाय सरळ फाकवून जमिनीवर बसणं) करवणं: कुणीही असं करत असेल तर मुलाला तिथून घेऊन या.

मार्बल किंवा कोटा फरशीवर उड्या नकोत. खाली मोकळी जागा असलेली लाकडी जमीन हवी. घरी फक्त उभं राहण्याचे आणि हातांचे सराव. मोजे घालून तर अजिबात नाही, घसरतात.

मे महिन्यात क्लास सकाळी सातला. पंचेचाळीस अंशांच्या दुपारी मुलांना नाचवू नये.

"पोट आत घे, जाड दिसतेस" हे वाक्य माझ्या वर्गात कुणालाही बोलू देत नाही, आजीलाही नाही.

छोट्यांना मऊ कॅनव्हासचे किंवा चामड्याचे बॅलेचे स्लिपर (पातळ, सपाट बूट) घ्या, पायाला घट्ट बसणारे. वाढत्या पायासाठी मोठे घेतलेले स्लिपर टाचेतून सुटतात आणि मूल बोटं आवळून चालायला लागतं. दर तीन-चार महिन्यांनी माप बघा, आणि दुकानात मुलाला बरोबर घेऊन जा.