पोस्टग्रेसला बाहेरून जोडताय? आधी एरर पूर्ण वाचा

पोस्टग्रेस हा डेटाबेस इन्स्टॉल करता येतो, टेबल बनवता येतं, भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर एसएसएचने शिरता येतं, एवढं जमतंय असं धरून चालतो. घरच्या लॅपटॉपवरून त्या सर्व्हरवरच्या डेटाबेसला जोडायला गेलं की घोडं अडतं. अडणारच, कारण पोस्टग्रेस मुळात फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच मशीनवरून आलेल्याचं, ऐकतं. ते बरंच आहे.

सगळ्यांना माहीत असलेलं उरकून घेतो. पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमधलं, कुठल्या पत्त्यांवर ऐकायचं ते ठरवणारं लिसन_अ‍ॅड्रेसेस बदललंत तर सर्व्हिस रीस्टार्ट करावी लागते, रीलोडने भागत नाही. पीजी_एचबीए.कॉन्फमध्ये, म्हणजे कोणाला कुठून आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या फाइलमध्ये, ओळ घातलीत तर रीलोड पुरतो. फाइल नेमकी कुठली, हे अंदाजाने ठरवू नका. डेटाबेसलाच ‘शो एचबीए_फाइल’ विचारा. उबुंटूवर दोन आवृत्त्या नांदत असतील तर दुसरी सहसा नेहमीचा 5432 पोर्ट सोडून 5433 वर बसते, आणि आपण मात्र भलत्याच आवृत्तीची फाइल सुधारत बसतो.

आता एरर. ‘टाइम्ड आउट’ आलं तर बहुतेक वेळा फायरवॉल आडवी आलेली असते. क्लाउडवर त्या दोन असतात, एक मशीनवरची आणि एक कंपनीच्या पॅनलमधली, आणि दुसरी हमखास विसरली जाते. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे मशीनपर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. आणि ‘नो पीजी_एचबीए.कॉन्फ एंट्री फॉर होस्ट’ आलं तर खरं म्हणजे पेढे वाटा. पोस्टग्रेस तुमच्याशी बोललं, फक्त आत घेतलं नाही.

मी घसरलो तो नेमका याच पायरीवर, म्हणून इथे जरा पाल्हाळ लावतो. लॅपटॉपवर स्वतःचा आयपी बघितला की 192.168.1 ने सुरू होणारा काहीतरी दिसतो. तोच पीजी_एचबीए.कॉन्फमध्ये लिहिला जातो. ओळ बरोबर, रीलोड बरोबर, तरी नकार. कारण तो पत्ता घरच्या राउटरच्या आतला आहे. बाहेर पडताना राउटर तो बदलतो, आणि सर्व्हरला दिसतो तो इंटरनेट कंपनीने दिलेला पत्ता. तो कुठे शोधायचा? एररमध्येच! ‘होस्ट’ या शब्दापुढे अवतरणचिन्हांत जो पत्ता छापलाय तोच सर्व्हरला दिसलेला पत्ता. तोच उचला, पुढे /32 लावा, म्हणजे ओळ फक्त त्या एका पत्त्यापुरती राहते. तिथे कोलन असलेला लांबलचक पत्ता दिसला तर तुम्ही आयपीव्ही6 वरून आलात, मग /128. आयपीव्ही4 ची ओळ त्याला चालत नाही, कितीही वेळा रीलोड करा. आणखी एक: पीएसक्यूएल (पोस्टग्रेसला जोडायचा कमांड-लाइन प्रोग्राम) आधी एसएसएलने, म्हणजे एन्क्रिप्ट करून, प्रयत्न करतं, मग त्याशिवाय, म्हणून तीच तक्रार दोनदा छापली जाते आणि दुसरीच्या शेवटी ‘नो एन्क्रिप्शन’ असतं. ते वाचून लोक सर्टिफिकेटांच्या मागे धावतात. धावू नका, पत्ता बघा.

घरचा पत्ता अधूनमधून बदलतो. काल चाललेलं आज चालत नाही आणि माणूस कावतो. अशा वेळी ऑफिसातला एखादा ‘दादा’ सांगतो, ‘अरे, 0.0.0.0/0 टाक आणि पुढे ट्रस्ट लिही, काम झालं.’ 0.0.0.0/0 म्हणजे कुठलाही आयपीव्ही4 पत्ता. हा सल्ला देणाऱ्याकडून पुढचं काही शिकू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. ट्रस्ट म्हणजे पासवर्डही नको. सुपरयूझर, म्हणजे सगळे अधिकार असलेला यूझर, म्हणून आत आलेला माणूस ‘कॉपी फ्रॉम प्रोग्राम’ने सर्व्हरवर थेट कमांड चालवू शकतो; प्रश्न फक्त तुमच्या टेबलांचा राहत नाही. 2017 च्या जानेवारीत इंटरनेटवर उघडे पडलेले हजारो मोंगोडीबी (हा दुसरा एक डेटाबेस) पुसून त्या जागी खंडणीच्या चिठ्ठ्या ठेवल्या गेल्या होत्या. तिथे कोणी कुलूप फोडलं नव्हतं, पासवर्डच नव्हता.

घाबरून सोडूनही देऊ नका. बाहेरून यायचंच असेल तर ओळ ‘होस्टएसएसएल’ने (म्हणजे फक्त एन्क्रिप्टेड जोडणी) सुरू करा, एकच डेटाबेस, एकच साधा यूझर, शेवटी पासवर्ड तपासण्याची पद्धत म्हणून स्क्रॅम-एसएचए-256. आणि ती योग्य जागी घाला: पोस्टग्रेस वरून खाली वाचतं आणि जुळलेल्या पहिल्याच ओळीवर थांबतं. तिथे पासवर्ड चुकला तर खालची ओळ बघितलीच जात नाही.

एकट्याने शिकत असाल तर माझ्या मते यातलं काहीच करू नका. एसएसएच टनेल काढा, म्हणजे डेटाबेसची जोडणी एसएसएचच्या आतूनच न्या. लिसन_अ‍ॅड्रेसेस लोकलहोस्टच राहतं, 5432 बाहेर उघडावं लागत नाही, घरचा आयपी बदलला तरी पीजी_एचबीएला त्याची खबरही नसते. डीबीव्हर या डेटाबेस बघायच्या प्रोग्राममध्ये एसएसएचचा वेगळा टॅब आहे. सर्व्हरचा पत्ता तिथे भरा. मुख्य टॅबमधला होस्ट मात्र लोकलहोस्टच ठेवा, कारण टनेलच्या पलीकडच्या टोकाला, म्हणजे सर्व्हरवर, डेटाबेस त्याच नावाने सापडतो. दोन्हीकडे सर्व्हरचाच पत्ता भरलात तर पुन्हा ‘रिफ्यूज्ड’.