घोड्याचा डोळा मिटलेला दिसला तर आधी काय करायचं

घोडा एक डोळा अर्धवट मिटून उभा आहे, गालावरून पाणी ओघळतंय, असं दिसलं की बरेच जण म्हणतात कचरा गेला असेल, उद्या बघू, आणि त्या उद्यातच डोळा हातचा जातो. घोड्याचा डोळा मोठा असतो, डोक्याच्या बाजूला बाहेर आलेला असतो त्यामुळे मार पटकन लागतो, आणि एकदा बिघडायला लागला की फार वेगाने बिघडतो. म्हणून नियम एकच, डोळा दुखतोय असं दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर, आणि तोपर्यंत घरात पडलेली कुठलीही ट्यूब डोळ्यात घालायची नाही. ट्यूबबद्दल पुढे सांगतो कारण सगळ्यात जास्त नुकसान तिनेच होतं.

दुखतंय हे ओळखायची सोपी खूण म्हणजे पापण्यांचे केस. घोड्याच्या समोर उभं राहा आणि दोन्ही वरच्या पापण्यांची तुलना करा. चांगल्या डोळ्याचे केस जवळजवळ आडवे, सरळ बाहेर आलेले असतात, आणि दुखऱ्या डोळ्याचे खाली झुकलेले दिसतात. डोळा उघडा वाटत असला, पाणी फारसं येत नसलं तरी केस खाली आलेत म्हणजे काहीतरी बिनसलंय. हे रोज खरारा करताना बघायची सवय लावा, दोन सेकंदांचं काम आहे.

मग त्याला अंधाऱ्या जागी नेऊन टॉर्चने बघा. बुबुळावरचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया काचेसारखा स्वच्छ हवा, निळसर झाक, पांढरा ठिपका म्हणजे ज्याला आपण फूल पडलं म्हणतो ते, किंवा कडेने आत शिरणाऱ्या लाल रेषा दिसल्या तर नोंद करा. घोड्याची बाहुली आडवी लांबट असते आणि तिच्या वरच्या कडेला तपकिरी-काळे गोळे लोंबताना दिसतात, ते बघून लोक गाठ आली म्हणून घाबरतात पण ते जन्मजात असतात, घाबरू नका. घोडा डोळा उघडू देत नसेल तर जबरदस्ती करू नका, त्याच्या पापणीची ताकद भरपूर असते आणि आत खोल जखम असली तर दाबाने डोळा फुटू शकतो. डॉक्टर पापणीची नस बधिर करून, गुंगी देऊन बघतात.

सगळ्यात जास्त भेटणारी आणि सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे कॉर्नियावरची जखम, अल्सर. वैरणीची काडी, खिळा, झुडपाची फांदी, काहीही पुरतं. साध्या नजरेला ती बरेचदा दिसतच नाही, डॉक्टर फ्लुरोसीनचा नारिंगी रंग डोळ्यात टाकतात आणि जिथे वरची साल गेलीय तिथे हिरवं चमकतं. आता ट्यूबचं. डोळ्याच्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड म्हणजे सूज दाबणारं औषध असतं, डेक्सामेथासोन नाहीतर प्रेडनिसोलोन, आणि अल्सरवर ते गेलं की जखम भरायची थांबते, जंतू आणि बुरशी दोन्हीला रान मोकळं मिळतं. घोड्याला बुरशीचा त्रास मुळातच जास्त, त्यात हवा उष्ण दमट असली की अजूनच. लाली कमी झाली म्हणून मालक खूश होतो आणि आत कॉर्निया विरघळत असतो. त्यामुळे रंगाची टेस्ट झाल्याशिवाय स्टेरॉइड नाही म्हणजे नाही.

अल्सरचे उपचार म्हणजे अँटिबायोटिक थेंब, बुरशी असेल तर नॅटामायसिनसारखं औषध, पोटातून किंवा शिरेतून फ्लुनिक्सिनसारखं वेदनाशामक, आणि बाहुली मोठी करायला अ‍ॅट्रोपिन. कॉर्निया विरघळत असेल तर घोड्याच्याच रक्तातला सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा पातळ भाग, काढून थेंब म्हणून घालतात आणि तो खरंच कामाचा आहे. औषध दर दोन-चार तासांनी द्यावं लागतं, म्हणून डॉक्टर कधीकधी पापणीतून बारीक नळी बसवून ती आयाळीपर्यंत आणतात, मग घोड्याशी झटापट करावी लागत नाही. अ‍ॅट्रोपिन चालू असताना लीद मोजत जा, त्याने आतडी मंदावून पोटदुखी होऊ शकते, आणि बाहुली मोठी राहते म्हणून कडक उन्हात सोडू नका.

दुसरा मोठा आजार युव्हायटिस, डोळ्याच्या आतली सूज, जिला मून ब्लाइंडनेस म्हणतात. घोडे आंधळे व्हायचं जगभरातलं सगळ्यात मोठं कारण हेच. इथे बाहुली बारीक होते, उजेड सहन होत नाही, डोळा धुरकट दिसतो, बरा होतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी परत उठतो, दर वेळी थोडी नजर घेऊन जातो. लेप्टोस्पायरा जंतूंशी संबंध बरेचदा सापडतो, अ‍ॅपालूसा जातीत जास्त दिसतो. आणि इथे मात्र स्टेरॉइडच मुख्य औषध, म्हणजे अल्सरचा डोळा आणि युव्हायटिसचा डोळा बाहेरून सारखेच लाल, पाणावलेले, पण एकाला जे तारतं तेच दुसऱ्याला मारतं. लाली जाऊन डोळा बरा दिसायला लागला म्हणून औषध मध्येच सोडू नका, सूज शमल्यावरही ते हळूहळूच कमी करायचं असतं.

बाकीचं थोडक्यात. दोन्ही डोळ्यांना चिपडं, कॉर्निया स्वच्छ, तर बहुतेक धूळ-माश्या. नुसतंच पाणी गालावर येतंय तर नाकपुडीत उघडणारी अश्रूनळी तुंबली असेल, डॉक्टर ती सलाईनने धुतात. आतल्या कोपऱ्यात पिवळे खडे असलेली जखम माशीने सोडलेल्या हॅब्रोनिमा नावाच्या जंताच्या अळ्यांची असू शकते. कॉर्नियाच्या मागे, डोळ्याच्या आतल्या पाण्यात पांढरा धागा वळवळताना दिसला तर तो जंत, डासांमुळे येतो, शस्त्रक्रियेने काढावा लागतो. गुलाबी कातडीच्या पापणीवर न भरणारी जखम म्हणजे कॅन्सरची शंका. पापणी फाटून लोंबत असेल तर तो तुकडा कापू नका, ओल्या स्वच्छ कापडाने झाकून लगेच टाके घालून घ्या.

औषध घालताना हाताचा तळवा घोड्याच्या गालावर टेकवा म्हणजे त्याने डोकं हलवलं तरी हात सोबत जातो, ट्यूबचं तोंड डोळ्याला समांतर धरा, टोचेल असं समोरून नको. थेंब आधी, पाच मिनिटं थांबून दुसरं औषध, मलम सगळ्यात शेवटी. तो डोळा खाजवत असेल तर झापड बांधा, वैरण डोळ्याच्या उंचीवर टांगू नका, खाली द्या, आणि डॉक्टर परत रंग टाकून हिरवं दिसत नाही म्हणेपर्यंत अल्सरचं औषध चालू ठेवा.