बांधलेली माशी आणि फिरता ड्रम: उडण्यावर इंद्रियांचा ताबा कसा तपासायचा

फळमाशी सेकंदाला साधारण २०० वेळा पंख मारते, म्हणजे एका फटक्याला ५ मिलिसेकंद. डोळ्यांना जाणवलेलं वळण पंखांच्या स्नायूंपर्यंत पोहोचेतो कित्येक फटके होऊन गेलेले असतात. म्हणून ती एकट्या डोळ्यांच्या भरवशावर उडत नाही. पंखांमागचे दोन छोटे संतोलक (मागच्या पंखांचंच बदललेलं रूप), शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) आणि पायसुद्धा सतत खबर देत असतात. कोणतं इंद्रिय काय करतं हे कळायला एकेकाचा फीडबॅक (इंद्रियाकडून परत येणारी खबर) तोडून बघावा लागतो. त्यासाठी माशी एका जागी धरून उडवायची.

माशी चिकटवणं

निम्मं यश इथेच ठरतं. ३ ते ५ दिवसांची मादी घ्या. ती नरापेक्षा मोठी असते, हाताळायला सोपी. बर्फावर ठेवलेल्या धातूच्या ठोकळ्यावर, साधारण ४ अंश सेल्सिअसला, ती निपचित पडते. ठोकळ्यावर दव धरलं तर पंख ओले होऊन चिकटतात, त्यामुळे तो आधी पुसून घ्या.

०.१ मिलिमीटर जाडीच्या टंगस्टन तारेच्या टोकाला यूव्ही डिंकाचा (अतिनील प्रकाशात घट्ट होणाऱ्या) अगदी बारीक थेंब घ्या. सूक्ष्मदर्शकाखाली तो वक्षाच्या वरच्या बाजूला, मानेच्या मागे आणि पंखांच्या मुळांच्या पुढे टेकवा आणि काही सेकंद यूव्ही प्रकाश द्या. थेंब मागे ओघळून पंखाच्या बिजागरीत गेला तर माशी कायम वाकडी उडेल. पुढे मानेवर गेला तर डोकं जखडतं. नजर स्थिर ठेवायला माशी डोकंही वळवते, तेव्हा ही चूक मोजणीत शिरते. दोन्ही बाबतीत ती माशी बाजूला ठेवा, दुरुस्तीच्या नादी लागू नका.

शुद्धीवर येताना तिच्या पायांत टिश्यू कागदाचा कपटा द्या आणि निदान अर्धा तास थांबा. मग कपटा काढला की ती उडू लागते, परत दिला की थांबते. पायांखालचा आधार सुटल्याची जाणीव हीच उड्डाणाची कळ आहे, आणि पहिला फीडबॅक तुम्ही इथेच तपासलेला असतो. कपटा काढूनही उडत नसेल तर समोरून हलकी फुंकर मारा. तरीही नाही उडली, तर बहुधा गारठ्यात जास्त वेळ राहिली असेल.

ड्रम

माशी मध्ये धरून भोवती पट्टे फिरवले की डोळ्यांना आपणच वळल्याचा भास होतो. त्यासाठी १२ सेंटिमीटर व्यासाचा, तितकाच उंच, वरून-खालून उघडा नळकांडा पोकळ बेअरिंगवर बसवा आणि रबरी पट्ट्याने गिअर-मोटरला जोडा. परीघ ३७.७ सेंटिमीटर. आतून २४ उभे पट्टे लावा, आलटून-पालटून काळे-पांढरे. प्रत्येक पट्टा १५.७ मिलिमीटर रुंद, म्हणजे काळ्या-पांढऱ्याची एक जोडी ३० अंशांची.

मिनिटाला १५ फेऱ्या म्हणजे सेकंदाला ९० अंश. भागिले ३० केलं की डोळ्यासमोरून सेकंदाला ३ जोड्या सरकतात. हा आकडा प्रत्येक नोंदीत लिहा, कारण डोळ्याची हालचाल टिपणारी यंत्रणा नुसत्या कोनीय वेगाला नव्हे, या सरकण्याच्या वारंवारतेला प्रतिसाद देते. हासेनस्टाइन आणि रायशार्ट यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या प्रारूपाचा गाभा हाच आहे. मिनिटाला ५ ते ६० फेऱ्यांची मोटर पुरते.

पट्टे हवे तितके बारीक करता येत नाहीत. फळमाशीच्या डोळ्यातल्या शेजारच्या दोन नेत्रिकांमध्ये (संयुक्त नेत्र ज्यांचा बनतो ते छोटे एकेक डोळे) साधारण ५ अंशांचं अंतर असतं. जोडी १० अंशांहून लहान झाली की दिशा ओळखण्यात घोळ होतो. ४.२ मिलिमीटरचे ९० पट्टे लावले, म्हणजे जोडी ८ अंशांची केली, तर माशी ड्रमच्या विरुद्ध दिशेला वळू पाहते, प्रतिसाद क्षीण असला तरी. हा प्रयोग जरूर करा. संयुक्त नेत्राची बारकाई इतक्या सोप्या मार्गाने दुसरीकडे दिसत नाही.

उजेड बाहेरून, सगळीकडे सारखा हवा. एलईडी डीसी पुरवठ्यावर चालवा. एसी विजेवरच्या दिव्याचा आपल्याला स्थिर वाटणारा लुकलुकाट माशीला दिसू शकतो.

मोजणी

कॅमेरा खालून लावा, कारण वरून तार येते. शटर १/३० सेकंद ठेवा: एका चित्रात सहा-सात फटके मावतात आणि पंखांची धूसर पाती उमटते. तिची पुढची कड किती अंशांवर आहे ते दोन्ही बाजूंना मोजा. मोबाइलचं २४० फ्रेमचं स्लो-मोशन इथे फसवतं. फटक्यांचा वेग त्याच्या फार जवळ असल्याने पंख भलत्याच गतीने हलताना दिसतात.

खालून पाहताना डावं-उजवं उलटतं आणि ड्रमची दिशाही. सुरुवातीलाच कागदावर बाण काढून ठेवा. ड्रम वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरला की माशी उजवीकडे वळू पाहते: डाव्या पंखाचा झोका वाढतो, उजव्याचा कमी होतो. ५ सेकंद ड्रम, ५ सेकंद विश्रांती, मग दिशा उलट.

आता खरी कसोटी. पट्टे काढून एकसारखा करडा कागद लावा आणि ड्रम फिरवा. प्रतिसाद शून्य व्हायला हवा. झाला नाही तर माशी पट्ट्यांना नव्हे, ड्रमने ओढलेल्या वाऱ्याला किंवा मोटरच्या थरथरीला उत्तर देत होती. मध्ये पारदर्शक नळी घाला, मोटर वेगळ्या पायावर बसवा आणि पुन्हा करा. ही चाचणी वगळून काढलेल्या आलेखाला काही किंमत नाही.

वर्तुळ जोडणं

इथपर्यंत माशी काहीही करो, ड्रम आपल्याच चालीने फिरतो. दोन्ही पंखांच्या झोक्यातला फरक मोजून त्यावरच मोटर चालवली की सूत्रं माशीच्या हाती जातात. एकच काळा उभा पट्टा दिला तर ती तो समोर धरून ठेवते. गेन (पंखांतल्या फरकाला मोटर किती जोरात उत्तर देते ते प्रमाण) अगदी कमीपासून सुरू करा. मापन, संगणक, मोटर आणि माशीचे डोळे या सगळ्यांचा विलंब साचतो. गेन वाढला की दुरुस्ती उशिरा आणि जास्त होते, पट्टा डावी-उजवीकडे झुलू लागतो. झुलणं दिसलं तर माशीला दोष देण्याआधी गेन निम्मा करून बघा.

संतोलकांचा प्रश्न

ताठ तारेवर शरीर फिरतच नाही. संतोलक पंखांच्या उलट लयीत हलत राहतात, पण शरीर वळल्यावर त्यांच्यावर येणारं कोरिओलिस बल (फिरणाऱ्या शरीरावरच्या हलत्या भागाला बाजूला ढकलणारं बल) नसतं. प्रिंगल यांनी १९४८ मध्ये दाखवलेली ही जायरोस्कोपसारखी, वळण ओळखणारी यंत्रणा त्यामुळे मुकी होते, आणि फक्त डोळ्यांचा प्रतिसाद नैसर्गिक उड्डाणातल्यापेक्षा मोठा दिसतो. मोकळ्या माशीचं झटपट वळण दहा-वीस फटक्यांत आटोपतं. ताठ तारेवर तेच बरंच लांबतं, कारण वळण झाल्याची खबर येत नाही. पोलादी टाचणी दोन चुंबकांच्या मध्ये टांगली तर माशी उभ्या अक्षाभोवती मोकळी फिरते आणि हा फीडबॅक परत मिळतो.

संतोलक काढायची पायरी शेवटी, गारठलेल्या माशीवर, बारीक चिमट्याने. अशी माशी मोकळी उडू शकत नाही, पण तारेवर उडते आणि पट्ट्यांना वळतेही. तुलनेला तितकाच वेळ गारठवलेली आणि चिमट्याने नुसती स्पर्श केलेली दुसरी माशी ठेवा. शृंगिकांची चाचणीही अशीच: दुसऱ्या आणि तिसऱ्या खंडाचा सांधा डिंकाने जखडा. तुलनेच्या माशीला तितकाच थेंब डोक्यावर दुसरीकडे लावा, नाहीतर वजनाचा परिणाम तुम्ही वाऱ्याच्या जाणिवेच्या नावावर जमा कराल.