ओव्यांच्या अल्बमचं कव्हर: तीन डिझाईन बाद केली, चौथं जमलं

मावशीच्या जात्यावरच्या ओव्या आम्ही घरीच रेकॉर्ड केल्या, ९ ट्रॅक झाले आणि कव्हरचं काम माझ्याकडे आलं. पहिलं सुचलं ते वारली चित्र, काढलंही, पण ते पालघर-डहाणूकडचं आणि आमच्या ओव्या साताऱ्याच्या, मनाला पटेना, बाद. मग मावशी जात्यावर बसलीये असा पूर्ण फोटो, खाली सगळी नावं. लॅपटॉपवर काय सुंदर दिसत होतं! मोबाईलवर बघितलं तर मावशी मुंगीएवढी आणि वेलांट्या, अनुस्वार गायब. आपल्या देवनागरीत शिरोरेषेच्या वर-खाली दोन्हीकडे मात्रा असतात ना, अक्षर लहान केलं की आधी त्याच जातात. नंतर जाड 'बालू' फॉन्ट लावला, वाचता आलं पण तो गोल गुबगुबीत लूक ओव्यांना शोभेना.

शेवटी असं केलं: फाईल ३००० बाय ३००० पिक्सेलची, पण प्रत्येक बदलानंतर ती ६४ पिक्सेलला लहान करून बघायची, नाही कळलं तर तो बदल काढायचा. फोटोत फक्त खुंट्यावरचा हात आणि पिठाची कडा ठेवली, 'ओवी' हा एकच शब्द बोरूने कागदावर लिहून स्कॅन केला. अपलोड एकदा रिजेक्ट झालं कारण फाईल सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या रंगपद्धतीत होती, आरजीबी म्हणजे स्क्रीनच्या रंगपद्धतीत केल्यावर लगेच गेलं.

मावशीने मोबाईल हातात घेतला आणि म्हणाली, "हात माझाच गं, बांगडीवरनं ओळखला."